तुळशीचं सासर

विनोदिनीच्या घराला लागूनच, अंगणाकडे दार ठेवून नवा संडास बांधून झाला तेव्हा तो बघायला मये गावातल्या त्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, निम्मी माणसं लोटली. पांढऱ्याशुभ्र लाद्या, पांढराशुभ्र कमोड, धरून उठायला भिंतीत चकचकीत दांडा आणि वर उजेडाला एक इवलंसं जनेल, खिडकीच ती. तिच्या नवऱ्याने, सगुणने, उंबऱ्याशी नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. शेजारणींनी कमोडच्या झाकणावरून हात फिरवून बघितला, एकीने तर नवी साडी बघावी तसं ते उलटंसुलटं करून बघितलं. सगळं कौतुक झालं, चहा झाला, आणि मग प्लंबर भैरूने डोकं खाजवत विचारलं, "पात्रांव, पर ह्यातलं जाणार कुठनं?"

आधी कळस मग पाया म्हणतात तो हा असा. जाणार कुठे हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात सेप्टिक टाकी होती, तिच्या अलीकडे चेंबर होता, आणि पायऱ्या उतरून जायचा बाहेरचा जुना संडास इतकी वर्षं तिथेच जोडलेला होता. प्रश्न कुठनं हा होता. नव्या संडासापासून टाकीपर्यंत अंगणाच्या डाव्या बाजूला नुसता कातळ, आणि उजव्या बाजूला प्यायच्या पाण्याची विहीर. विहिरीजवळून असली पाइप नेणारा माणूस मयेत अजून जन्मायचा आहे. राहिला मधला सरळ रस्ता. आणि त्या रस्त्याच्या बरोब्बर मध्ये उभी होती तुळस.

"तुळशीच्या पायांखालसून संडासाची पायप?" सगुण म्हणाला. "हांव जितो आसा मेरेन ना!"

सगुणचं उभं आयुष्य पाळी गावच्या खाणीवर ट्रकांच्या फेऱ्यांची नोंद ठेवण्यात गेलं होतं. एकदा नाही म्हटलेला ट्रक त्याने पुन्हा आत सोडला नाही. विनोदिनीला ही सवय पक्की माहीत होती, म्हणून तिने भैरूकडे आशेने बघितलं. भैरू चंदगडकडचा. गोव्यात बरीच वर्षं कामं करून मालकाला पात्रांव म्हणायला शिकला होता, बाकी भाषा त्याने गावाकडचीच ठेवली होती.

"वैनी, पात्रांव म्हणत्यात ते बराबर हाय," भैरू हात जोडून म्हणाला. "आमच्याकडं बी चालत न्हाई ओ हे. माझ्या आईला कळलं तर घरात घ्यायची न्हाई मला."

मग दोघे पुरुष ओसरीच्या सोप्यावर बसले आणि एकमेकांचं किती बरोबर आहे यावर चहा प्यायले. विनोदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे तुमच्या दोगांचो धर्म उरूं," ती कपबशा उचलत म्हणाली, "आनी म्हजी चली पेडण्यां उरूं. बरें आसा!"

कारण हा सगळा खटाटोप त्या चलीसाठी होता. विनिता, त्यांची एकुलती एक मुलगी, पेडण्यात दिलेली, आठव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. विनोदिनीने बाळंतविडा जमवून ठेवला होता, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती, डिंक आणला होता, अळीव आणले होते. आणि विनिताच्या सासूने, यशोदाने, नेमकं बोट ठेवावं तिथे ठेवलं. ती बाई वाईट नव्हती, हेच विनोदिनीला जास्त झोंबत होतं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

"विहीणबाय, राग मानू नकात," यशोदाने फोनवर सांगितलं होतं. "पण ह्या पोटान ता चेडू तुमच्या त्या पायऱ्यो देवतला? शेवाळार पाय घसारलो तर? घरात संडास जाल्याशिवाय मी तेका धाडूची नाय. माका न्हीदच पडूची नाय."

त्या पायऱ्यांवरून विनोदिनी स्वतः दोनदा घसरली होती.

सगुणने मार्ग काढला तो कातळावरून. भैरूने घण घातले, छिन्नी चालवली, आणि कातळाने दोन दिवसांत त्याचे हात सोलले, स्वतः जेमतेम बोटभर दबला. शेवटी उथळ चर झाला, त्यात पाइप बसली, दोन वाकणं घेऊन एकदाची चेंबरला टेकली. चाचणीला भैरूने झेंडूचं फूल कमोडात टाकलं आणि बाल्दीभर पाणी ओतलं. सगुण चेंबरशी ओणवा होऊन बसला.

"आयलें?" विनोदिनीने वरून विचारलं.

"ना."

आणखी एक बाल्दी ओतली. आणखी एक. चौथ्या बाल्दीला पाणी परत फिरलं आणि झेंडूचं फूल हसत कमोडात वर आलं. उतारच नव्हता तर पाणी जाणार कसं? पाणी कोणाच्या धर्मावर चालत नाही, ते उतारावर चालतं. भैरूने पाइप उपटून बाजूला ठेवली.

इकडे दिवाळी उलटून गेली आणि तुळशीचं लग्न तोंडावर आलं. तिकडच्या घरांत त्याला व्हडली दिवाळी म्हणतात, आणि सगुणच्या घरी तर ती खऱ्या दिवाळीपेक्षा मोठी. त्याच्या बापाने चिऱ्यांत बांधलेलं ते वृंदावन. दरवर्षी त्याला चुना काढायचा, गेरूने वेल काढायचे, ऊस उभे करायचे. दिंड्याच्या झुडपाची काठी नवरा म्हणून तुळशीशेजारी रोवायची, सोबत चिंचेची आणि आवळ्याची डहाळी. आणि सगुण पीतांबर नेसून कन्यादान करायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी तो वृंदावनाला चुना काढत होता आणि विनोदिनी सोप्यावर बसून पोहे निवडत होती. तिचं निवडण्यात लक्ष नव्हतं. सकाळीच विनिताचा फोन आला होता. ती म्हणाली, "आई, जावं दे गो, हांव हांगा बरें आसा." बरं असणाऱ्या माणसाचा आवाज असा येत नाही.

"तुळस तुमची कोण?" विनोदिनीने एकदम विचारलं.

सगुणने ब्रश थांबवला. "कोण म्हळ्यार? घरची चली."

"लग्न कोण करता तिचें?"

"हांव करतां. दर वर्सा. हो कसलो प्रश्न?"

"बरें. लग्न जाल्यार चली खंय वता?"

"सासरा."

"तुमची खंय गेल्या?" विनोदिनी सूप बाजूला ठेवून उठली. "लग्न जालें, फोव खाल्ले, लोक घरा गेले. आनी दुसऱ्या दिसा सकाळीं पळयल्यार ती हांगाच! घोव बी हांगाच! इतलीं वर्सां घरजांवय करून दवरला तुमी त्या बाबड्याक. आनी लोकांक सांगतात, आमच्या घराण्यांत घरजांवय जालो ना!"

आता हे बोलणं साधं नव्हतं. सगुणचा एक चुलतभाऊ साखळीला सासऱ्याच्या दुकानावर जाऊन राहिला, तेव्हापासून सगुण प्रत्येक लग्नाकार्यात त्याची टर उडवत आला होता. घरजावई हा शब्द ऐकल्याबरोबर तो मिशीत हसायचा. आज तो हसला नाही. चुन्याचा ब्रश तसाच हातात धरून तो दिंड्याच्या जुन्या काठीकडे बघत राहिला, आणि चुना त्याच्या पायावर ठिबकत राहिला.

"पोरीक सासर जाय न्हय?" विनोदिनीने लोखंड तापलेलं बघून घाव घातला. "गेटीकडेन उदेंतेक तोंड करून बरी जागो आसा. नवें वृंदावन घालूंया. लग्न जालें की धाडूंया तिका. म्हजी एक चली हांगा येवंक सोदता, तुमी दुसरी धाडिनात!"

सगुण ब्रश बाल्दीत टाकून, तोच चुन्याचा पाय घेऊन भटजींकडे गेला. विनोदिनी दारातच उभी राहिली. भैरूने न मागताच तिला पाणी आणून दिलं.

भटजी म्हातारे आणि खट्याळ. त्यांनी म्हणे सगुणचं सगळं ऐकून घेतलं, पोथी उघडलीसुद्धा नाही, आणि म्हणाले, "तुळशीक सासर आसूं नये म्हूण खंयच बरयलें ना. चली सासरा धाडप पुण्याचें काम. पूण एक, सगुणा. पाठवणी जाता तर बरी कर. चोरून धाडल्या कशी दिसूंक जायना."

झालं! ज्या माणसाला काल तुळस हलवायची नव्हती, त्याला आज तिची वरात काढायची होती. सगुण साखळीहून सिमेंटचं तयार वृंदावन टेम्पोत घालून घेऊन आला, निळं, चारी बाजूंना देवळ्या असलेलं. हिरव्या बांगड्या आणल्या, खण आणला, आणि तुळशीच्या सासरी द्यायला म्हणून स्टीलची कळशीसुद्धा आणली. दुकानदाराने विचारलं कोणाचं लग्न, तर हा म्हणाला घरचंच आहे. भैरू तर वेडाच झाला होता. त्याने सिमेंट वाहायची एकचाकी ढकलगाडी घासूनपुसून, आंब्याची पानं आणि झेंडूच्या माळा लावून नवरीची गाडी करून टाकली. तुळशीच्या जागेपर्यंत दोन्ही बाजूंनी त्याने चर खणून पाइप टाकून ठेवली. नवी पाइप बसायला चेंबरचं तोंड फोडलं, त्यात बाहेरच्या संडासाची जुनी पाइप तुटली. "असू द्या वैनी," भैरू म्हणाला, "उद्या नवा चालू होणारच हाय की."

विनोदिनीने पेडण्याला फोन लावला. "विहीणबाय, फाल्यां सांजे लग्नाक येयात. संडास जाता."

"जाता काय जाला?" यशोदाने विचारलं.

"तुमी येय मेरेन जातलो," विनोदिनी म्हणाली आणि फोन ठेवून देवासमोर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तुळस सासरी जाणार हे ऐकून पलीकडच्या वाड्यांवरचेसुद्धा लोक आले होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. मग भैरूने आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, जुन्या वृंदावनाचे चिरे एकेक करून काढले, माती सैल केली, आणि सगुणने तुळस मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट, दोन्ही हातांनी उचलली. बाया गाणं म्हणू लागल्या. ढोल सुरू झाला.

आणि सगुण रडायला लागला. साधासुधा नाही, हुंदके देऊन. तुळस छातीशी धरलेली, मातीने पीतांबर लडबडलेला, आणि हा भला थोरला माणूस अंगणाच्या मधोमध रडतोय. लोक हसले. विनिताच्या लग्नात तो रडला नव्हता. तेव्हा तो गाड्या कुठे लावायच्या ते दाखवत हिंडत होता, आणि मुलगी निघाली तेव्हा कुठल्याशा व्हॅनला मागे-मागे करत होता. विनोदिनीने तेव्हा मनात राग धरला होता. आज तिला कळलं की ते रडणं त्याच्याकडे राहूनच गेलं होतं. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि तिलाही रडू आलं, आणि रडता रडता ढकलगाडीत बसलेली तुळस आणि तिच्या शेजारी पट्ट्याने बांधलेला नवरा बघून तिला असं हसू फुटलं की शेजारणीला धरावं लागलं.

वरात गेटपर्यंत जायला चार ढांगा पुरल्या असत्या. ती विहिरीला वळसा घालून, सोप्यासमोरून दोनदा फिरून, नाचत गेली. निळ्या वृंदावनात तुळस बसली, शेजारी नवरा बसला, ओटी भरली, कळशी ठेवली. सगुणने हात जोडून म्हटलं, "बाये, सुखान राव." भटजींनी पोह्यांची बशी उचलली. आणि भैरू कुदळ घेऊन मधल्या जागेकडे धावला.

नेमकी तेव्हाच पेडण्याची गाडी गेटात शिरली.

यशोदा उतरली. मग विनिता उतरली, पोटावर हात धरून, पावलं आखडत. पेडण्याहून खड्डे खात आलेली आठ महिन्यांची गरवार पोर. तिने आईला मिठी मारली नाही, तुळशीला नमस्कार केला नाही. तिने आईचं मनगट धरलं आणि कानात म्हणाली, "आई, संडास खंय?"

नव्या संडासाची पाइप मध्ये अजून जोडायची, जुना तर कालच तोडलेला. विनोदिनीने तिला थोपवलं. "मातशें राव गो बाय."

"रावूंक जायना, आई!"

यशोदाने भुवई वर केली. तिने अंगणातला चर बघितला, चिऱ्यांचा ढिगारा बघितला. विनोदिनीला वाटलं, संपलं. आता पोर याच गाडीतून परत जाणार.

"भैरू!" ती ओरडली. असा आवाज तिने जन्मात काढला नव्हता.

"झालंच, वैनी!" चरातून उत्तर आलं. "फकस्त ह्यो एक तुकडा! धराय माणूस पायजे!"

धरायला कोण उतरलं असेल? सगुण. पीतांबर वर खोचून, भर लोकांसमोर, ज्या जागेवरून पाइप न्यायची नाही म्हणून हटून बसला होता त्याच जागेत गुडघाभर मातीत. कोणी मोबाइलचा उजेड धरला, कोणी चिरे बाजूला केले, भटजीसुद्धा पोह्यांची बशी हातात घेऊन काठावरून सूचना द्यायला लागले. विनिता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि एक पोक्त शेजारीण तिला देवाचं नाव घ्यायला सांगत होती. भैरूने पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं, सगुणने पाइप रेटली, दोघांनी मिळून जोर केला, आणि तुकडा खटकन आत बसला.

"जा बाय!" सगुण चरातून ओरडला. "जा आतां!"

विनिता धावली. आठव्या महिन्यातली बाई धावताना कशी दिसते ते ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं. दाराची कडी लागली, आणि सगळं अंगण एकदम चिडीचूप झालं.

ढोलवाल्याचे हात वरच्या वर राहिले. चर अजून उघडाच होता. भैरू पाइपला कान लावून ओणवा. चेंबरभोवती माणसांचं कडं. विनोदिनीला दुसरं काही सुचेना, तिने डोळे मिटले आणि मनात नुसतं वाहा रे, वाहा रे, एवढंच म्हणत राहिली. परत फिरलेलं ते झेंडूचं फूल तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

आतून फ्लशचा आवाज आला.

"सुटलं!" भैरू ओरडला आणि पाइपच्या बाजूने वाकून, कान लावत, खेकड्यासारखा तिरका चालायला लागला. "आलं... आलं... जोडापाशी आलं... पात्रांव, जोड धरला! गेलं फुडं! गेलं!" आणि चेंबरमध्ये धोधो पाणी येऊन कोसळलं.

केवढा आरडाओरडा झाला! ढोल वाजला, टाळ्या पडल्या, बायांनी उरलेल्या अक्षता चेंबरवर उधळल्या, गेटाबाहेर कोणीतरी लग्नासाठी राखलेली फटाक्यांची माळ लावून दिली. भैरू आणि मातीने माखलेला सगुण चरात एकमेकांना मिठी मारून उड्या मारायला लागले. आणि या सगळ्या गदारोळात विनिताने दार उघडलं, अंगणाकडे बघितलं, आणि पुन्हा मिटलं.

"आई!" आतून आवाज आला. "हे लोक कित्याक ताळयो मारतात?"

"तुका न्हय गो, पाण्याक!" विनोदिनी म्हणाली, आणि हसून हसून तिच्याने उभं राहवेना.

ती दाराशी गेली, पोरीला समजावून बाहेर काढलं. विनिता लाजून लाल झालेली, पण तीही हसत होती, पोट धरून. "पोरानूय आयकलें," ती म्हणाली. "भितर लाथो मारता." विनोदिनीने हात लावून बघितलं. खरंच मारत होतं.

यशोदा मात्र हसली नाही. ती सरळ नव्या संडासात गेली, दार लावलं. आता या फ्लशवर सगळं अवलंबून होतं आणि सगळ्यांना ते कळत होतं. आत नळ सोडल्याचा आवाज आला, भिंतीतल्या दांड्याला झटका दिल्याचा आवाज आला, मग फ्लश. भैरूला कान लावायची गरज पडली नाही. चेंबरमध्ये पाणी आलं ते साऱ्या अंगणाने ऐकलं. यावेळी टाळ्या वाजवायची कोणाची छाती झाली नाही.

यशोदा बाहेर आली. पदराला हात पुसले.

"दांडो घट आसा," ती म्हणाली. "लाद्यो निसरड्यो नाय. बरा केलात." मग ती ड्रायव्हरकडे वळली. "डिकीतली ब्याग काड रे. दोनूय काड."

विनोदिनीला दोन पिशव्या भरून आणल्याचं ठाऊकच नव्हतं. "तुमी... ब्याग हाडिल्ली?"

"भरून हाडलेली," यशोदा म्हणाली. "बगल्याशिवाय काडूची नाय असा ठरयलेला. आवयच मी पण, विहीणबाय. माका काय तेका माहेर चुकवचा होता?" तिने सुनेच्या केसांवरून हात फिरवला. "रोज फोन करूक सांगा तेका. घर खावक येतला आता."

विनोदिनीने दोन्ही हातांनी विहिणीचे हात धरले. तिकडे सगुण मातीच्या पायांनी पिशव्या उचलायला धावला, कोणी म्हणालं आधी पाय धू, तो म्हणाला मागीर धुतां. विनोदिनीने ताटातले पोहे मुठीत घेतले, पाण्याचा तांब्या घेतला, विनिताला उंबऱ्यापाशी उभं केलं आणि तिच्यावरून, तिच्या पोटावरून, ओवाळून टाकले.

"भितर ये बाय," ती म्हणाली, आणि तिची मुलगी उजवा पाय पुढे टाकून घरात आली.